गोधडीचा घास

बाजरी मळून घरात आली की माझा जीव एका जागी राहत नाही. मळणीचा भुसा अंगाला लागला की कशी खाज सुटते, ज्याने मळणी केली आहे त्याला माहीत. दोनदा अंघोळ करा, साबण संपवा, तरी मानेमागे, कोपराच्या आतल्या बाजूला कुठेतरी ते चावतच राहतं. तसं काहीतरी या दिवसांत मनाला चावत राहतं. मी आता नगरमध्ये एका खोलीत राहते. इथे ना शेत, ना मळणीयंत्र. पण नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी दूधवाला मफलर गुंडाळून दारात उभा राहतो. ऊसतोडीवाल्यांचे ट्रॅक्टर भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं असा सगळा संसार भरून रस्त्याने जाऊ लागतात. आणि माझा हात आपोआप मानेकडे जातो.

आमच्या ख्रिस्ती घरांत याच दिवसांत उपकारस्तुती असते. देवळातला, म्हणजे चर्चमधला, कापणीचा सण वेगळा, तो सगळ्या मंडळीचा. ही घरची. सुगी घरात आली की एक रविवार ठरवायचा, पाळकसाहेबांना सांगायचं, दिलेल्या लेकींना बोलवायचं. गाणं, प्रार्थना, मग ज्याने त्याने उभं राहून वर्षातल्या एका गोष्टीसाठी देवाचे उपकार मानायचे, आणि मग जेवायला बसायचं. बाजरीची भाकरी, मटणाचा काळा रस्सा, हुलग्याचं शेंगुळं, मासवडी. शेजारची मराठ्यांची, धनगरांची घरंही पंगतीला असतात. त्यांच्यापैकी कोणी प्रार्थनेला येत नाही, पण मासवडी संपायच्या आत बरोबर येतात.

आमच्या घरी चार वर्षं उपकारस्तुती झाली नव्हती. त्याला कारण मी. मी आणि एक गोधडी.

माझे पप्पा शाळामास्तर होते, आता निवृत्त आहेत. पण राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांची ओळख 'पत्रकवाले सर' अशीच. पिण्याच्या पाण्यासाठी पत्रक, रेशनसाठी पत्रक, हुंड्याविरुद्ध पत्रक, दफनभूमीच्या वाटेसाठी पत्रक. गुलाबी, पिवळा, पोपटी, असा मिळेल तो स्वस्त कागद, एका बाजूने छापलेला. दुसरी कोरी बाजू माझी. मी मुळाक्षरं त्या बाजूवर गिरवली. आमच्याकडे चिवडा पत्रकावर मिळायचा, वहीला कव्हर पत्रकाचं असायचं, फडताळात मसाल्याच्या डब्यांखाली पत्रकंच अंथरलेली असायची. इतर मुलींना गोष्टी ऐकून झोप लागायची. मला 'बंधू आणि भगिनींनो' ऐकून लागायची.

नऊ वर्षांची असताना मी पहिल्यांदा पत्रकं वाटायला गेले, आठवड्याच्या बाजारात. पिवळा कागद होता. त्याचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे: 'लेक ही घरची पाहुणी नाही, वारस आहे.' खाली पप्पांचं नाव. मिरच्या विकणाऱ्या एका बाईने मला थांबवलं.

"काय लिव्हलंय गं?"

मी ठसक्यात सगळं वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं.

"तुज्या बापाला भैन हाय का?"

"आहे. एक आहे." मला त्यात अभिमान वाटण्यासारखं काय होतं कोण जाणे, पण वाटला.

ती हसली. "आन अजून एक दे कागद. मिरच्या बांधायला बरा हाय."

ते हसणं मला पंधरा वर्षांनी कळलं.

चार वर्षांपूर्वीची ती सुगी. माझं एम. ए. संपलं होतं आणि मी घरी आले होते. आदल्या वर्षी आजोबा गेले होते आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून दोन नावं लागली होती, पप्पांचं आणि कुसुमआत्याचं. आत्या पप्पांची धाकटी बहीण, जामखेडला दिलेली. तिचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. तिथल्या एका वसतिगृहात ती साठ पोरींचा स्वयंपाक करते. दरवर्षी उपकारस्तुतीला आदल्या दिवशी यायची, दोन एसट्या बदलून. आली की आधी चुलीपाशी बसून आईला म्हणायची, "वैनी, आज मला कुनी सांगू नका काय शिजवायचं ते. मी पाव्हनी हाय." आणि पाच मिनिटांत हुलग्याचं पीठ मळायला घ्यायची.

त्या वर्षी आई म्हणाली, "कुसुमवन्संना गोधडी द्यायची हाय. तू शिव. माझ्या डोळ्याला आता सुई दिसत न्हाई."

मला आवडलं. पुस्तकांतून उठून हाताने काहीतरी करायचं. मधल्या खोलीत थर अंथरले. आत आजोबांची दोन धोतरं, आईची विटलेली पातळं. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन विटा ठेवून कापड ताणून घेतलं. बोटाला चिंधी बांधून धावदोरा घालत बसले. कडेने एक फेरी, मग तिच्या आत दुसरी, मग तिच्याही आत तिसरी. दुपारी दाराबाहेर बाजरी वाळत पडलेली असायची, चिमण्या उतरायच्या, आई आतून 'हाड्' करायची, आणि सुई खालीवर होत राहायची. आजोबांच्या धोतराला अजून तंबाखूचा वास होता. तेवढे तीन-चार दिवस मी खरोखर स्वस्थ होते. नंतर कधी तशी झाले नाही.

वरच्या बाजूला लावायला आईने पेटीतून एक साडी काढली. मोरपंखी, बारीक जरीची, घडीही न मोडलेली.

"आई, ही नवीन आहे."

"नवी कुटली. ईस वर्सं झाली."

"नेसलीच नाहीस?"

"नेसायला काढली की जड व्हायची." आई कात्री शोधत होती, माझ्याकडे पाहत नव्हती. "माझ्या सहीची साडी हाय ही. तुज्या मामांनी माहेरच्या रानाची सही घेतली ना, तवा जेवायला बोलवून दिलती. अंगावर घेतली की वाटायचं, सगळं रान खांद्यावर आलंय."

"मग आत्याच्या गोधडीला का लावतेस?"

आईने साडी मधोमध कापली. कात्री जरीत अडकली, तिने जोर लावला.

"तिची बी सही हाय ना सोमवारी," ती म्हणाली.

मला असं समजलं.

पप्पा ओट्यावर बसून चष्मा पुसत होते. मी जाऊन उभी राहिले.

"सोमवारी काय आहे?"

"कुसुमला घेऊन राहुरीला जायचंय. कागद तयार आहे."

"हक्कसोडीचा?"

"हं."

"आणि तुमचं पत्रक?"

"पत्रक समाजासाठी असतं, स्नेहल." बोलल्यावर ते त्यांनाच बरं वाटलं नसावं, कारण लगेच त्यांचा आवाज चढला. "ठिबकच्या कागदाला तिची सही, मोटारीच्या अर्जाला तिची सही. दर वेळी तिनं जामखेडहून यायचं का? ती स्वतः म्हणाली, दादा, मला काय करायचंय रान."

"ती म्हणाली, का तिच्याकडून म्हणवून घेतलंत?"

पप्पा उठले. मोटार बघून येतो म्हणून शेताकडे गेले. त्या दिवशी वीजच नव्हती.

आजही हे लिहिताना माझे कान गरम होतात. कारण यात कोणी कोणाला दरडावत नाही, म्हणून ते जास्त चीड आणतं. बहिणीला बोलवायचं, गोडधोड करायचं, पाट मांडायचा, हळद-कुंकवाचं घर असेल तर ओटी भरायची, आमच्यासारखं असेल तर प्रार्थना करायची. साडी द्यायची. आणि सगळ्यांचे डोळे ओले झाले की कागद पुढे करायचा. ज्या बाईने आयुष्यभर माहेरच्या एका हाकेची वाट पाहिली, ती त्या वेळी कागद वाचते कुठे? ती सही करते आणि वर भावाला म्हणते, तुझं घर भरलेलं राहू दे. सही नाकारली तर रान मिळेल की नाही ते कचेरी ठरवील, पण दार बंद होईल हे नक्की. एवढं साधं गणित आहे आणि गावोगावच्या बायकांना ते न शिकवता येतं. हे सगळं मी पप्पांकडूनच शिकले होते. त्यांच्याच घरात, त्यांच्याच देवाचे उपकार मानत, ते घडणार होतं, आणि त्या कागदाच्या बदल्यात द्यायची गोधडी माझ्या हातची होती.

शनिवार उजाडला. गोधडीची चौथी बाजू हातभर उघडी होती. ही हातभर जागा आमच्याकडे मुद्दाम ठेवतात. शेवटच्या शिवणीआधी त्या तोंडातून घरच्या धान्याचे चार दाणे आत सोडायचे आणि मग बंद करायचं. याला घास भरवणं म्हणतात. उपाशी गोधडी ऊब देत नाही, अंगावर घेणाऱ्याचीच ऊब खाते, असं मानतात. आजोबांच्या वेळी एका पाळकांनी ही जुनी खुळं सोडा असं सांगितलं होतं. सगळ्यांनी माना हलवल्या. त्याच पाळकांची बदली झाली तेव्हा मंडळीने त्यांना गोधडी दिली, तीही घास भरवूनच.

दुपारी आत्या आली. स्वयंपाकघरात तिचा आणि आईचा आवाज. आई मासवडी करत होती. शिजलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापायचं, वर तीळखोबऱ्याचं सारण पसरायचं आणि फडक्यासकट दुमडून माशासारखा आकार द्यायचा. फडकं आजोबांच्या धोतराचंच होतं, गोधडीतून उरलेलं. आत्या शेंगुळी वळत होती आणि वसतिगृहातल्या पोरींच्या गोष्टी सांगत होती.

"एक पोरगी म्हनती, मावशी, आमटीत मीठ न्हाई. मी म्हनलं, बाई, मीठ हाय, तुज्या जिभंवर घरची आमटी हाय."

आई हसली. "स्नेहल," तिने आतूनच हाक मारली, "घास घाल आन कर बंद. बाजरी वाटीत काढून ठिवलीय."

मी वाटी घ्यायला आत गेले. फडताळात मसाल्याचा डबा उचलला गेला आणि त्याखाली ते दिसलं. पिवळा कागद, हळदीने आणखी पिवळा झालेला, कडेला तेलाचा डाग. 'लेक ही घरची पाहुणी नाही, वारस आहे.'

आत्या माझ्यापासून चार हातांवर बसली होती. पिठाचे हात, कपाळावर घाम. मी तिला विचारू शकले असते. 'आत्या, तुला सही करायची आहे का?' इतकंच. आजही मला कळत नाही की मी का विचारलं नाही. बहुधा मला तिचं उत्तर नको होतं. माझ्याकडे छापील उत्तर होतं.

मी कागदाची चौघडी केली, मधल्या खोलीत आले, उघड्या तोंडातून तो आत सरकवला आणि बारीक, घट्ट टाके घालून बाजू बंद केली. बाजरीची वाटी फडताळातच राहिली. मला भयंकर आनंद झाला होता. वाटलं, पप्पांच्या कागदाला पप्पांचाच कागद उत्तर देईल. आत्या जामखेडला जाईल, कधीतरी तिला ते सापडेल. पुढचं काहीच मी ठरवलं नव्हतं. पत्रक वाटणाऱ्याला सवयच असते, हातात दिलं की काम झालं.

रविवारी प्रार्थना झाली. सगळ्यांनी उपकार मानले. आईने माझ्या परीक्षेसाठी, पप्पांनी विहिरीच्या पाण्यासाठी, आत्याने 'माझ्या भावाच्या भरल्या घरासाठी'. पाळकसाहेबांना दुसऱ्या घरी जायचं होतं, ते पहिल्याच पंगतीत जेवून गेले. शेजारीपाजारी गेले. घरचे तेवढे उरलो. मग पप्पांनी गोधडी उलगडून आत्याच्या खांद्यावर घातली.

ती खूश झाली. हात फिरवला, टाके निरखले, माझ्याकडे बघून मान हलवली. मग मांडीवर घेऊन दुमडायला गेली आणि थांबली. कापडातून कुरकुर आवाज आला. साठ पोरींसाठी पीठ चाळणारे हात ते. तिने चिमटीत ती जागा पकडली.

"ह्याच्यात काय हाय गं?"

 तिने दाताने दोरा तोडला, टाके उसवले, दोन बोटं आत घालून कागद काढला. उघडला. चष्मा तिच्या पिशवीत होता. तिने तो पप्पांपुढे धरला.

"वाच रं, दादा."

पप्पांनी सवयीने घसा साफ केला आणि सभेत वाचतात तसं सुरू केलं. "बंधू आणि भगिनींनो. लेक ही घरची पाहुणी नाही..." आणि आवाज खाली आला. पुढचं त्यांना वाचायची गरज नव्हती, त्यांनीच लिहिलं होतं. तरी त्यांनी सगळं वाचलं. कुठेही गाळलं नाही. शेवटी स्वतःचं नावही वाचलं. कागद जमिनीवर ठेवला आणि त्याच्याकडेच पाहत बसले.

"चांगलं लिव्हलं हुतंस," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आन घास कुटाय?"

"नाही घातला."

"म्हंजी माझी गोधडी उपाशी ठिवली. ह्या कागदापायी."

"आत्या, ते तुझ्यासाठीच..."

"मला इचारलं हुतंस?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी चार महिने इचार करून आलते. सही करीन का न्हाई, ते माज्या मनात हुतं. माज्या एकटीच्या. आता सही केली तर ह्यो कागद खोटा, माझा भाऊ खोटा. न्हाई केली तर लोक म्हनतील, भाचीनं फितवली. माझं काय ऱ्हायलं ह्यात? तू न्हाई इचारलं, दादानं बी न्हाई इचारलं. त्यानं सहीचा कागद करून ठिवला, तू हा. दोगं बापलेक सारखेच."

सोमवारपर्यंत ती थांबली नाही. दुपारच्या एसटीने गेली. गोधडी मात्र घेऊन गेली, एक बाजू उघडी तशीच. आईने डब्यात मासवडी भरून दिली आणि स्टँडपर्यंत सोबत गेली. मी दारात उभी होते. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि हे मी मनाला लावून घेते आहे हे बघून आई नंतर म्हणाली, "ती कधीच बघत न्हाई मागं. बघितलं तर जाववत न्हाई तिला."

त्यानंतर तीन सुग्या आल्या आणि गेल्या. नोव्हेंबर आला की पप्पा म्हणायचे, यंदा माणसं मिळत नाहीत, यंदा पाऊस लांबला, पुढच्या वर्षी बघू. हक्कसोडीचा कागद शोकेसमध्ये बायबलखाली तसाच पडून. तो त्यांनी फाडला नाही, आत्याला पाठवलाही नाही. नवं पत्रक मात्र एकही लिहिलं नाही. गावातली पोरं यायची, 'सर, पाण्याचं एक लिहून द्या ना.' ते म्हणायचे, 'स्नेहलकडून घ्या, ती लिहिते आता.' आणि मी लिहिते. मुद्दाम लिहिते. लेकीच्या वाट्याबद्दल तर दरवर्षी एक, आणि त्यातला एक शब्दही मागे घ्यायची माझी तयारी नाही. रान आत्याचं होतंच. कायद्याने होतं, तिच्या बापाच्या घामाने होतं. पण प्रत्येक पत्रकाचा शेवट लिहिताना मला ती दोन बोटं दिसतात, टाक्यांतून आत जाणारी. ज्या बाईसाठी मी लढत होते, तिला मी तोंडच उघडू दिलं नव्हतं.

जामखेडची थंडी वाईट असते. उघडं माळरान, सरळ येणारा वारा. मला उगाच वाटायचं, त्या हातभर उघड्या बाजूतून तो आत शिरत असेल. मी फोन करायचे. ती बोलायची. पोरींबद्दल, गुडघ्याबद्दल, टँकरबद्दल. गोधडीबद्दल कधीच नाही.

या वर्षी, दिवाळी होऊन आठवडा झाला आणि तिचाच फोन आला.

"सुगी झाली का गं तुमची?"

"वरच्या वावराची मळणी झाली परवा, आई सांगत होती."

"मग ठिवा की उपकारस्तुती. मी येते. शनवारी." मग थोडं थांबून, "सुई तयार ठिव. त्या भोकातनं लई गार लागतं. चार वर्सं पाठ धरलीय माझी."

मला हसू आलं. पण मला विचारायचंच होतं. चार वर्षांनी का होईना.

"आत्या, सहीचं काय ठरवलंस?"

"न्हाई करायची," ती म्हणाली. "आन हे माझं मी ठरवलंय, तुज्या कागदानं न्हाई. लिव्हून ठिव कुटंतरी. दादाला सांगितलंय मी काल फोन करून."

"काय म्हणाले?"

"काय न्हाई म्हनला. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हनला, मासवडी करायची का शेंगुळं."

"मग?"

"मी म्हनलं, दोनी."

म्हणून मी काल गावी आले आहे. पाचशे पत्रकं छापायची राहिली आहेत नगरला, ती राहू देत. आज शनिवार. आई बेसन ढवळते आहे आणि मला तीनदा म्हणाली आहे, "बस की जरा एका जागी. पायाला चक्रं हायेत का?" मी बसते आणि पुन्हा उठते. तीळ भाजले, खोबरं किसलं, फडकं भिजवलं, दारात जाऊन आले, हुलग्याचं पीठ चाळलं, परत दारात गेले. पप्पा घरात नाहीत. सकाळपासून शेतात आहेत. मला भीती वाटते, एसटी यायच्या वेळी ते मुद्दाम घरी नसतील. फोनवर 'शेंगुळं' म्हणणं सोपं आहे. समोर बसणं वेगळं.

आत्या आली. केस बरेच पांढरे झालेत. पिशवीतून गोधडी काढून तिने माझ्या पुढ्यात टाकली. धुऊन धुऊन मोरपंखी रंग फिका झाला आहे. तिची जरही उडाली आहे. उघड्या बाजूतून आजोबांचं धोतर बाहेर लोंबत होतं.

आईने हात पुसत पुसत ती उचलून पाहिली. "बघा वन्सं. माझ्या सहीची साडी तुमच्या बिनसहीच्या गोधडीला लागली."

"तरीच," आत्या म्हणाली. "म्हनलं, हिला पांघरलं की खांदं का दुखत न्हाईत."

दोघी हसल्या. आईला हसताना डोळे पुसावे लागले, धुराचं निमित्त करून. आमच्याकडे आता गॅस आहे.

मी सुई ओवली. वाटीत बाजरी काढायला उठले, तेवढ्यात पप्पा आले. अंगभर भुसा, डोक्याला रुमाल नाही. रुमाल हातात होता, गाठ मारलेला. ते सरळ मधल्या खोलीत आले, आत्यापुढे उकिडवे बसले आणि गाठ सोडली. मूठभर बाजरी. हिरवट राखाडी, अजून पाखडायची राहिलेली.

"ही घे घासाला," ते म्हणाले.

"घरात हुती की," आत्या म्हणाली.

"ती वरच्या वावरातली. ही ओढ्याकडची." त्यांनी मान वर केली नाही. मानेमागे खाजवत राहिले. "ओढ्याकडचा तुकडा तुझ्याकडं येईल, म्हणून तिथली आज वेगळी मळली. वेगळ्या ताडपत्रीवर. पोतीही वेगळी ठेवलीत. तू बघून घे जाताना."

आत बेसन तळाला लागायचा वास आला आणि आई धावली. आत्याने रुमालातले दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारून भुसा उडवला. थोडा पप्पांच्या डोळ्यांत गेला. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. तिने चार दाणे उचलून गोधडीच्या तोंडातून आत सोडले, मग विचार करून आणखी चार.

"चार वर्सांची भूक हाय," ती म्हणाली.

मी सुई हातात घेऊन बसले होते. टाका घालायला वाकले आणि थांबले. बोटाला चिंधी बांधलेली, दोरा ताणलेला, गोधडी मांडीवर.

"आत्या, शिवू का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. उघड्या बाजूवर तळहात ठेवला, आत दाणे नीट बसलेत का ते वरून चाचपलं. मग हात बाजूला घेतला.

"शिव," ती म्हणाली.